रोझ हिलवर चेटकीण शोधायला जाऊ नका : बे एरियातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी, मराठी शाळांचे शिक्षक आणि भटकंतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांचे अॅडमिन यांना सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपासून एक निमंत्रण फिरतंय. काळ्या पार्श्वभूमीवर केशरी अक्षरं, कोपऱ्यात वटवाघूळ आणि मजकूर असा : हॅलोविन स्पेशल! अँटिऑकच्या झपाटलेल्या स्मशानात संध्याकाळची भटकंती, पांढऱ्या चेटकिणीला भेटायला या, मुलांना टॉर्च द्या, नंतर पावभाजी. मंडळाचं नाव इथे लिहीत नाही. एक तर ते निमंत्रण तीन-चार ग्रुपांवर एकदमच आलं, त्यामुळे मूळ कुणाचं ते मलाही ठाऊक नाही. आणि दुसरं म्हणजे यंदा त्यांनी काढलं, पुढच्या वर्षी दुसरं कुणी काढेल. म्हणून पत्र सगळ्यांनाच.

पावभाजीला माझी हरकत नाही. हरकत चेटकिणीला आहे. तिचं नाव सेरा नॉर्टन आणि ती सुईण होती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला असलेल्या अँटिऑक शहराच्या दक्षिणेच्या डोंगरांत, आज जिथे ब्लॅक डायमंड माइन्स हे संरक्षित उद्यान आहे, तिथे १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला नोआ नॉर्टन नावाच्या माणसाने कोळशाची ब्लॅक डायमंड खाण चालू केली. खाणीभोवती जे गाव वसलं त्याला त्याचं नाव पडलं, नॉर्टनव्हिल. सेरा ही त्याची बायको. गाव तिला ओळखत होतं ते मात्र बाळंतपणांमुळे. सहाशेच्या वर मुलं तिच्या हातून जन्माला आली असं तिथे सांगतात. आकडा कुणी वहीत मांडून ठेवला होता की प्रेमापोटी वाढत गेला, देव जाणे. पण वैद्यकीय मदत जवळ नसलेल्या त्या डोंगरात रात्री-अपरात्री कुणाला बोलवायचं, याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

ऑक्टोबर १८७९ मध्ये ती अशाच एका बाळंतपणाला घोड्याच्या बग्गीतून जवळच्या क्लेटन गावाकडे निघाली होती. वय सत्तरीकडे झुकलेलं. घोडा उधळला, बग्गी उलटली आणि सेरा त्यात गेली. तिने म्हणे आधीच सांगून ठेवलं होतं की मी गेल्यावर पाद्री नको, प्रार्थना नको, काही नको. गावाला ते पटेना. इतक्या जणांना जिने जगात आणलं तिला असंच कसं पुरायचं? लोकांनी रीतसर विधी ठरवला, तर ठरल्या वेळी वादळ सुटलं. पुन्हा दिवस धरला, पुन्हा वादळ. शेवटी प्रार्थनेशिवायच तिला टेकडीवरच्या रोझ हिल दफनभूमीत पुरलं. तिने सांगितलं होतं तसं.

एवढ्या गोष्टीतून भूत तयार झालं. गावं उठून गेली, दफनभूमी ओसाड पडली आणि मोटारी घेऊन रात्री हिंडणाऱ्या पोरांनी टेकडीवर तरंगणारी पांढरी बाई बघायला सुरुवात केली. अमेरिकन पोरांनी ते केलं, ठीक आहे. पण आपण? रात्री एकटी-दुकटी हिंडणारी, औषधपाणी जाणणारी, चारचौघांच्या देवधर्मात न बसणारी म्हातारी, तिला चेटकीण ठरवणं म्हणजे काय हे आपल्याला महाराष्ट्रात कुणी शिकवायची गरज नाही. त्यासाठी २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आणि तो व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. आपल्यातलीच मंडळी ऑगस्टमध्ये दाभोलकरांच्या स्मृतिदिनाचे स्टेटस ठेवतात आणि ऑक्टोबरमध्ये हे निमंत्रण पुढे ढकलतात. मला हे फार लागलं, म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

माझं स्वतःचं नातं या जागेशी दुसऱ्याच वाटेने जुळलं. मी चंद्रपूरकडची. बाबांनी उभी हयात कोळशाच्या भूमिगत खाणीत काढली, लोडर म्हणून लागले आणि ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे, म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरातली जेवणं, झोपणं, पाहुण्यांना भेटणं, सगळं पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यावर चालायचं. इथे आल्यावर आयटीतल्या लोकांत ते सगळं सांगायचं कुणाला, म्हणून सांगितलं नाही. मग कधीतरी बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेच्या, पाटीवर 'पिट्सबर्ग' वाचलं आणि कॅलिफोर्नियात पिट्सबर्ग कसं, म्हणून शोधायला गेले.

तर पिवळ्या लाइनवरचं ते पिट्सबर्ग १९११ पर्यंत ब्लॅक डायमंड या नावाचं गाव होतं. डोंगरातला कोळसा छोट्या रेल्वेने उतारावरून नदीकाठी यायचा आणि बोटींत भरला जायचा. तिथून तो सॅन फ्रान्सिस्को, सॅक्रामेंटो, स्टॉकटनला जाई. सोन्याच्या मागे धावत आलेल्या या राज्याकडे जाळायला कोळसा नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोचे कारखाने नि आगबोटी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाहून जहाजांनी येणाऱ्या कोळशावर चालायच्या. त्यामुळे माउंट डायब्लोच्या उत्तरेच्या टेकड्यांत १८५० च्या दशकात कोळसा सापडल्यावर माणसं धावलीच. पाच गावं उभी राहिली : नॉर्टनव्हिल, सॉमर्सव्हिल, स्टुअर्टव्हिल, वेस्ट हार्टली आणि जडसनव्हिल. डझनभर मोठ्या खाणी होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथून जवळपास ४० लाख टन कोळसा निघाला. कॅलिफोर्नियातला हा सगळ्यात मोठा कोळसा-पट्टा. आपण ज्या सॅन फ्रान्सिस्कोत व्हिसाच्या कामाला जातो, त्या शहराच्या वाढीचं जळण काही वर्षं इथून गेलं.

काम करायला माणसं आली ती बरीचशी वेल्समधून. त्यांच्या बापजाद्यांनी तिकडे कोळसाच खणला होता, त्यामुळे अनुभवी हात म्हणून त्यांना मागणी होती. त्यांच्याबरोबर इंग्लिश, आयरिश, जर्मन, इटालियन होते. जुन्या फोटोंत सॉमर्सव्हिल बघा : बोडक्या टेकड्या, झाड औषधाला नाही, उतारावर फळ्यांची घरं दाटीवाटीने आणि मध्ये खाणीचा राखाडी ढिगारा. शाळा होती, चर्च होतं, दुकानं, हॉटेलं, दारूचे गुत्ते होते. आज तिथे तुम्हाला दिसणारी बदामाची, मिरवेलीसारख्या लाल दाण्यांची पेपर ट्री, लोकस्ट ही झाडं त्या लोकांनी हाताने लावलेली. घराची एक फळीही उरलेली नाही, पण दारातलं झाड आहे. झाडांची रांग दिसली की समजायचं, इथून रस्ता जात होता.

बाबा-आई इथे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. दिवाळीची खरेदी, गोल्डन गेट, हे सगळं बाबांनी मुकाट्याने पाहिलं होतं. सॉमर्सव्हिलच्या पार्किंगमधून उतरल्याबरोबर मात्र समोरचा ढिगारा बघून म्हणाले, "हे तर ओबी दिसते." आमच्याकडे खाणीतून काढून टाकलेल्या मातीला ओबी म्हणतात, तसलंच काहीतरी त्यांना दिसलं. खाली वाकून त्यांनी एक काळा तुकडा बोटांत घेतला, नखाने खरवडला, अंगठ्यावर चोळून पाहिला आणि होता तिथेच ठेवून दिला. "हलका आहे. राख जास्त सोडत असेल." बरोबरच होतं. इथला कोळसा कमी प्रतीचा, लिग्नाइटच्या जवळ जाणारा, आणि हेच पुढे या गावांच्या मुळावर आलं. पण ते बाबांनी अंगठ्यावर ओळखावं याची मला गंमत वाटली.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. छताला आधार कशाचा देत होते? लाकडाचे खांब. पाणी? भरपूर लागायचं, पंप सतत चालवावे लागत. थर किती फुटांचा? काही ठिकाणी इतका अरुंद की माणूस उभाच राहू शकत नव्हता, कुशीवर आडवं पडून पिकाने तोडायचा. आणि टब, म्हणजे कोळशाच्या गाड्या, कोण भरत होतं? या प्रश्नाला मी जरा थांबले. वरच्या अंगाला तोडलेला कोळसा लाकडी घसरगुंडीवरून खाली यायचा आणि तिच्या तोंडाशी उभं राहून तो गाडीत सोडण्याचं काम पोरांचं असे. त्या पोरांना नॉबर म्हणत. आठ वर्षांपासूनची पोरं. बाबा म्हणाले, "आठ?" आणि पुढे चालू लागले.

दफनभूमी तिथून फार लांब नाही. सॉमर्सव्हिलहून नॉर्टनव्हिलकडे जाणारी वाट चढावर घेते, दम लागेपर्यंत, आणि वळणावर टेकडीच्या उतारावर उंच सडसडीत सायप्रसची झाडं दिसायला लागतात. कुंपण, छोटं फाटक. दोनशेच्या वर माणसं इथे पुरलेली आहेत. मुख्यतः प्रॉटेस्टंट कुटुंबांची ही जागा, कॅथलिकांची सोय दुसरीकडे. बरेच दगड संगमरवरी, पांढरे, काही तुकडे जोडून पुन्हा उभे केलेले, जोडाच्या रेघा स्पष्ट दिसतात. कुठे एकमेकांत गुंफलेले दोन हात कोरलेत, कुठे फूल. आणि जन्मगाव. 'वेल्समध्ये जन्म' हे दगडांवर वाचायला मिळतं. सात समुद्र ओलांडून आलेल्या माणसाच्या घरच्यांना मेल्यावरही ते लिहायचं होतं.

लहान मुलांच्या दगडांवर वय कसं लिहिलंय ते नीट बघा, एवढी विनंती आहे. इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस. मोठ्या माणसांचेही कधी कधी तसेच मोजलेले असतात, त्या काळाची पद्धतच ती. पण दोन-तीन वर्षांच्या पोराच्या नावापुढे महिने आणि दिवस वाचताना आईने बोटांवर मोजले असतील हे जाणवतं. देवी, घटसर्प, लाल ज्वर यांच्या साथी या गावांवरून गेल्या. घटसर्पात पोराच्या घशात पडदा धरतो आणि श्वास कोंडतो, आणि एका घरात एकाला झाला की भावंडांना होतो. आपण आपल्या मुलांना दोन महिन्यांपासून जी डीटॅप (DTaP) लस देतो तिच्यातल्या पहिल्या अक्षराचा रोग, डिप्थीरिया, हाच.

मुलांच्या खालोखाल बाळंतपणात गेलेल्या बायका आहेत. सेरा नॉर्टनची महती तिथे उभं राहून कळते. तिच्या दगडाच्या आजूबाजूलाच तिला पर्याय काय होता ते लिहून ठेवलंय.

आणि तिसरे, खाणीत गेलेले. २४ जुलै १८७६ ला नॉर्टनव्हिलच्या ब्लॅक डायमंड खाणीत स्फोट झाला. काही जण जागीच गेले, काही भाजून नंतर. त्यांच्यातले काही या टेकडीवर आहेत. कोळशाची बारीक धूळ हवेत तरंगत असली की एक ठिणगी पुरते, आधी एक छोटा भडका उडतो, त्याच्या धक्क्याने भिंतींवरची बसलेली धूळ उठते आणि मग ती पेटते. पुढचा भडका आधीच्यापेक्षा मोठा. आमच्याकडे यावर उपाय म्हणून खाणीच्या वाटांवर दगडाची भुकटी मारतात, पांढरी, पिठासारखी. बाबा शर्टावर ती घेऊन घरी यायचे. १८७६ मध्ये हे शास्त्र कुणाला नीट माहीत नव्हतं. चूक कुणाची हे म्हणूनच मी इथे मांडत बसत नाही, पण त्या दिवशी सकाळी पाळीला गेलेली माणसं आपल्या भाषेत आईशी, बायकोशी बोलून निघाली असतील आणि ती भाषा इंग्रजी नसेल, वेल्श असेल, हे मुलांना जरूर सांगा. घरी एक भाषा आणि कामावर दुसरी, हे त्यांना सांगितल्याबरोबर कळतं.

याच १८७६ साली काही मैलांवरच्या अँटिऑकमध्ये तिथल्या चिनी वस्तीला हाकलून लावलं गेलं आणि त्यांची घरं जाळली गेली. चिनी माणसाने सूर्यास्तानंतर शहराच्या रस्त्यावर दिसायचं नाही असा तिथला दंडक होता. २०२१ मध्ये अँटिऑक शहराने याबद्दल अधिकृतपणे माफी मागितली. ही गोष्ट खाणींची नाही म्हणून टाळता येईल, पण मी टाळू नका म्हणते. कारण वेल्श खाणकामगारांना 'आपल्यासारखे स्थलांतरित' म्हणून गळ्यात घालणं सोपं आहे. त्या वर्षी त्या गावात आपण उतरलो असतो तर आपल्याला कुठल्या बाजूला उभं केलं असतं, याचं उत्तर वेल्श लोकांपेक्षा चिन्यांच्या गोष्टीत आहे. आणि या सगळ्यांच्याही आधी या टेकड्या बे मिवॉक लोकांच्या होत्या, चुपकान, वोल्वोन, ओम्पिन अशा त्यांच्या टोळ्या होत्या. १७७२ नंतर आधी स्पॅनिश, मग मेक्सिकन आणि मग अमेरिकन आले. त्या लोकांचे कोरलेले दगड इथे कुणी उभे केले नाहीत. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर मुलांना दोन मिनिटं उभं करून हे सांगावं.

गावं संपली कशी, हे बाबांना सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं होतं. खाणीच्या माणसाला खाण बंद कशी पडते यातच रस असतो. कारणं साधी. खोल जावं तसं पाणी वाढतं, पंपाचा खर्च वाढतो. कोळसा मुळातच कमी दर्जाचा. तेवढ्यात उत्तरेला, आजच्या वॉशिंग्टन राज्यात, चांगला कोळसा सापडला. ब्लॅक डायमंड कंपनीने स्वतःच तिकडे पैसा घातला आणि १८८० च्या दशकात नॉर्टनव्हिलची खाण बंद केली. सिअॅटलजवळ आज ब्लॅक डायमंड नावाचं गाव आहे, ते याच कंपनीने वसवलं. नॉर्टनव्हिलची कितीतरी कुटुंबं सामान बांधून तिकडे गेली आणि पुन्हा खाणीत उतरली. पुढे खनिज तेल आलं आणि राहिलेल्या खाणीही मागे पडल्या. सिअॅटलच्या मराठी मंडळाचे लोक हे वाचत असतील तर त्यांच्याकडेही याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आहे, जरा गाडी काढून जाऊन या.

घरं लाकडी होती. लोकांनी ती फळ्या-फळ्यांनी उस्कटली आणि सखल भागातल्या गावांत, शेतांत नेऊन पुन्हा उभी केली. म्हणून सॉमर्सव्हिलमध्ये तुम्हाला भग्न वाडे, पडके चौथरे वगैरे काही दिसत नाही आणि काही मंडळी निराश होऊन परत येतात, 'तिथे बघण्यासारखं काही नाही' म्हणत. जे नेता येत होतं ते नेलं. माणसं पुरलेली होती ती राहिली. पुढे १९२० च्या दशकात त्याच डोंगरात वाळूच्या खाणी निघाल्या, ओकलंडच्या काच कारखान्यासाठी आणि पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यासाठी, आणि त्याही १९४९ पर्यंत थांबल्या. त्यातली हेझल-अॅटलास ही वाळूची खाण आज उद्यानवाल्यांनी पाहण्यासाठी राखली आहे.

आता मी मुख्य तक्रारीवर येते. वस्ती गेल्यावर दफनभूमीला वाली उरला नाही. वाळूच्या खाणीही थांबल्यावर तिथे पोरं यायची ती रात्री, टॉर्च घेऊन, चेटकिणीची गोष्ट ऐकून, एकमेकांना पैज लावत. दगड ढकलून पाडले, फोडले आणि कित्येक गाडीत टाकून घरी नेले. कुणाच्या मागच्या अंगणात फरशी म्हणून, कुणाच्या खोलीत शोभेला. या भागातली उद्यानं सांभाळणाऱ्या ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट या सरकारी संस्थेने १९७० च्या दशकात ही जागा ताब्यात घेतली तेव्हापासून त्यांचे लोक एकेक तुकडा जुळवताहेत, जुने फोटो गोळा करताहेत, कोण कुठे पुरलं होतं याची नोंद लावताहेत. काही दगड अनेक वर्षांनी परत आले आहेत. कितीतरी अजून यायचे आहेत, आणि कुणाकडे माहिती असेल तर कळवा असं आवाहन डिस्ट्रिक्ट आजही करतं.

तेव्हा तुमचं निमंत्रण पुन्हा वाचा. संध्याकाळ, टॉर्च, पोरं, चेटकीण. ज्या खेळाने ही जागा मोडली तोच खेळ आहे. शिवाय अंधार पडल्यावर उद्यान बंद असतं, हा भाग वेगळाच. फाटक लागल्यावर चाळीस माणसं आत सापडली तर रेंजरला पावभाजी देऊन भागणार नाही.

कुणी म्हणेल, मुलांना गंमत नको का? नुसता इतिहास सांगितला तर पोरं कंटाळतात. माझा अनुभव तसा नाही. बाबा खाणीच्या तोंडाशी उभे राहून बोलत होते तेव्हा आमच्याबरोबरच्या दोन शेजाऱ्यांची मुलं, एरवी आयपॅडवरून मान वर न करणारी, 'अंकल, मग अंधारात दिशा कशी कळायची?' हे विचारून त्यांना सोडेनात. वाऱ्यावरून, बाबा म्हणाले. ताजी हवा ज्या बाजूने गालाला लागते ती बाहेरची बाजू. पुढे अर्धा तास पोरं डोळे मिटून गाल पुढे करून चालत होती आणि दोनदा झुडपात गेली. भूत कुणालाही आठवलं नाही. मराठी शाळेच्या शिक्षकांना मी हेच सांगेन की मुलांना विचारायला काहीतरी खरं हवं असतं. एका आठ वर्षांच्या नॉबरची पाळी किती तासांची, तो डब्यात काय नेत असेल, शाळेत कधी जात असेल, यावर पाचवीतल्या पोराला मराठीत अर्धं पान लिहायला सांगा. कल्पनेने लिहू दे. 'माझा आवडता प्राणी' यापेक्षा बरं होईल.

माझं म्हणणं मंडळांनी सहल रद्द करावी असं मुळीच नाही. सहल न्या, पण तारीख बदला आणि नाव बदला. ऑक्टोबरात त्या टेकड्या वाळलेल्या, पिवळ्या असतात आणि ऊन उतरलेलं नसतं, नॉर्टनव्हिलच्या चढावर सावलीचं नाव नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. पावसाने सगळं हिरवं झालेलं असतं, रानफुलं येतात आणि त्याच उतारावर ब्लॅक सेज आणि कोल्टर पाइन ही झाडं त्यांच्या उत्तरेकडच्या शेवटच्या हद्दीत उभी असलेली दिसतात, वनस्पतींची आवड असलेल्यांना तेवढ्यासाठीही खेप वसूल. सकाळी लवकर पोचा. गट मोठा असेल तर उद्यानाच्या निसर्ग-मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठेवा, ती माणसं जाणकार आहेत आणि मनापासून सांगतात. भूमिगत खाण बघायची असेल तर मुलांच्या वयाची अट आणि त्या दिवशीची वेळ आधी विचारा, नाही तर दारातून परत येऊन सगळा दोष मंडळाच्या डोक्यावर येतो, हे मी सांगायला नको.

दफनभूमीत दगडांना हात लावू देऊ नका, त्यांना टेकू देऊ नका, फोटोसाठी वर चढणं तर सोडाच. जोडलेले दगड नाजूक आहेत. फुलं वाहायचीच असतील तर तिथल्या रेंजरला विचारून. कुणाला तिथे मनातल्या मनात काही म्हणावंसं वाटलं तर म्हणावं, पण सेरासाठी गटाने उभं राहून प्रार्थना वगैरे कृपा करून नको. तिने नको म्हणून सांगितलेलं आहे.

पदाधिकाऱ्यांना आणखी एक सुचवते. आपली कितीतरी कुटुंबं आता अँटिऑक, ब्रेंटवूड, पिट्सबर्गला घरं घेताहेत. जुनी घरं घेणाऱ्यांनी मागच्या अंगणातल्या फरश्या, बागेच्या कडेचे संगमरवरी तुकडे जरा उलटून बघावेत. गंमत म्हणून सांगत नाहीये. त्यावर एखादं नाव, साल किंवा कोरलेला हात निघाला तर पार्क डिस्ट्रिक्टला कळवा. कुणी तुम्हाला चोर म्हणणार नाही. त्यांना दगड हवा आहे, आणि तो कुठे उभा करायचा हे त्यांच्या नोंदींत सापडू शकतं. मंडळाच्या वार्तापत्रात याची चार ओळींची चौकट छापली तरी पुरे, गणपतीच्या अंकात जागा नसेल तर दिवाळीच्या.

सेराची गोष्ट सांगा, नक्की सांगा. बग्गी, वादळं, तिचा हट्ट, सगळं सांगा. तिच्यात रोमांच कमी नाही. चेटकीण हा शब्द तेवढा वगळा. निमंत्रणाचा नवा मसुदा कुणाला हवा असेल तर मी लिहून देते, वटवाघूळ काढून टाकायचं आहे एवढंच. आणि सहलीला माणूस कमी पडत असेल तर मार्चमध्ये बाबा पुन्हा इकडेच असतील. चढ हळू चढतात, पण बोलायला लागले की थांबत नाहीत. सॉमर्सव्हिलच्या पार्किंगजवळ टेबलं आहेत, पावभाजी तिथे खाऊ.

आपली,
डब्लिनमधली (कॅलिफोर्नियातल्या) एक सभासद